साठ रेघांची चूक

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घराच्या पार्किंगला पत्र्याचं दार आहे. त्या दाराला आतल्या बाजूनं, जमिनीपासून साडेतीन फुटांवर, एक खोल पोचा पडलाय. येणारे-जाणारे विचारतात, ‘गाडी लागली का?’ गाडी नाही लागली. पाइन लाकडाची दोन फुटी पट्टी लागली, आणि ती माझ्या बरगडीला चाटून तिथे पोचली होती.

निवृत्तीनंतर मला सुतारकामाचा नाद लागला. भोसरीतल्या एका शेडमधून मी जुनी गोल करवत आणली. इंग्रजीत टेबल-सॉ, आपले मिस्त्री लोक नुसतं ‘कटर’ म्हणतात. लोखंडी अँगलचं टेबल, खाली एक हॉर्सपॉवरची मोटर, पट्टा, पुली आणि दहा इंची पातं. पात्यावर झाकण नाही, काही नाही. लाकडाची आपल्या भागात ददात नाही. चाकणच्या कारखान्यांत यंत्रं आणि सुटे भाग येतात ते पाइनच्या खोक्यांतून. पूर्वी ते लाकूड मी कुदळवाडीतून आणत असे. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेनं तिथली भंगाराची दुकानं पाडली. आता मी चाकणच्या बाजूला जातो. घेताना फळीवरचा शिक्का तेवढा बघावा. गव्हाच्या लोंबीच्या चिन्हाशेजारी ‘एचटी’ असेल तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूनं धुरावलेलं. ते मी घेत नाही. आणि घरी आणल्यावर लोहचुंबक फिरवून खिळे शोधायचे, नाहीतर पात्याचे दाते गेलेच.

तर त्या दिवशी पट्टी उभी चिरत होतो. चिरता चिरता लाकूड मिटलं, पात्याला घट्ट धरलं गेलं, आणि ‘धाड्’! मी खाली बसलो तो पाच मिनिटं उठलोच नाही. बायको धावत आली. माझं अंग चाचपलं, दाराकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, ‘‘अहो, कारखान्यात असलं मशीन चालू दिलं असतंत का तुम्ही?’’

बरगडीपेक्षा तेच जास्त लागलं. मी चौतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. आमच्या या पट्ट्याला मापाचं वेड आहे. टेल्कोनं 1966 मध्ये इथे पाय रोवले तेव्हा सुमंत मुळगावकरांनी आधी मशीन टूल आणि प्रशिक्षण विभागावर भर दिला. आमच्या पिढीच्या हातात डायल गेज आलं ते अशाच वातावरणात. फिक्श्चर पाच शतांश मिलिमीटर चुकलं तर आम्ही पोरांवर डाफरत असू. आणि घरी? घरी मी करवत नजरेनं लावली होती.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. करवतीचा प्लग काढला आणि वायर गुंडाळून खुर्चीवर ठेवली, म्हणजे चुकूनही कोणी चालू करणार नाही. टेबलात पात्याला समांतर खाच असते. त्या खाचेत सरकणाऱ्या लाकडी ठोकळ्यावर डायल बसवला. पात्याच्या एका दात्याला खडूची खूण केली, तो दाता पुढे आणून माप घेतलं. मग तोच दाता हातानं मागे फिरवला, डायलही मागे सरकवला, पुन्हा माप घेतलं. दाता तोच हवा, कारण पातं थोडं वाकडं असेल तर वेगळ्या दात्यावर फसगत होते. काटा साठ रेघा फिरला! 0.60 मिलिमीटर.

हे एवढंसं अंतर माणसाला का मारू शकतं? पुढचे दाते लाकूड टेबलावर दाबतात. मागचे दाते मात्र खालून वर येत असतात. पातं किंवा कडेचं गाइड तिरपं असलं, की चिरलेलं लाकूड मागच्या दात्यांवर घासतं. ते दाते त्याला उचलतात आणि माणसाच्या दिशेनं फेकतात. दहा इंची पातं मिनिटाला 2880 फेरे घेतं तेव्हा दात्याचा वेग ताशी 138 किलोमीटरच्या घरात जातो.

पात्याच्या शाफ्टचे बेअरिंग टेबलाखाली बोल्टनं बसवलेले होते. बोल्ट सैल केले, भोकं कानशीनं लांबट केली, आणि लाकडी हातोडीनं टकटक करत पातं खाचेला समांतर आणलं. खूश होऊन पट्टा ताणला, तर शाफ्ट ओढला जाऊन आठ रेघा पुन्हा वाढल्या. मग पट्टा ताणलेला ठेवूनच सगळं नव्यानं. पुल्या एका रेषेत आहेत का, ते दोरा धरून पाहिलं. संध्याकाळी काटा चार रेघांवर थांबला. त्यानंतर गाइड त्याच खाचेवरून लावलं. गाइड मागच्या टोकाला केसभर उघडं चालेल, पण आत वळलेलं कदापि नको.

एवढ्यानंही लाकूड मिटायचं थांबत नाही; पाइनच्या अंगात ताण असतो. त्यासाठी पात्यामागे पोलादी पट्टी लागते, तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. पट्टी पात्याच्या पत्र्याहून जाड आणि दात्यांच्या कापाहून बारीक हवी. माझ्या पात्याचा पत्रा दोन मिलिमीटर, काप तीन. म्हणून अडीचची पट्टी पात्याच्या बरोबर रेषेत, दात्यांपासून पाच मिलिमीटरवर बसवली. अमेरिकेत स्टीफन गॅस या पेटंट-वकिलानं बोट लागताच पाचएक सहस्रांश सेकंदात थांबणारी करवत काढली. 2004 पासून ती बाजारात आहे. प्रात्यक्षिकात ते बोटाऐवजी सॉसेज लावतात! पण बोट वाचलं तरी उडणारं लाकूड काही ती थांबवत नाही. तिलाही ही पट्टी लागतेच.

शेवटचा खर्च स्टार्टरचा. साध्या बटणावर करवत चालू असताना वीज गेली, आपण टेबल झाडायला घेतलं आणि वीज आली, तर? नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर वीज आली तरी आपोआप सुरू होत नाही. शिवाय गुडघ्यानं दाबता येईल असं लाल बटण बसवलं.

परवा आमचे मिस्त्री आले होते. त्यांच्या डाव्या तर्जनीचं एक पेर नाही. ‘‘साहेब, अठ्ठावीस वर्षं बिनपट्टीचंच कापतोय,’’ असं म्हणाले खरे, पण वाकून बघत राहिले. मग हळूच विचारलं, ‘‘माझ्या मशीनला बसंल का?’’ त्यांचं पातं बारा इंची, पत्रा जाड. माझी पट्टी चालणार नाही. येत्या गुरुवारी पातं काढून घेऊन या म्हटलंय, आधी ते मोजू.