बिल रसेल : मानाने खेळला, मानाने शिकविले



मी बँकेतला साधा कारकून. बास्केटबॉल मी कधी खेळलो नाही. तरी आज एका बास्केटबॉलपटूविषयी चार शब्द बोलणार आहे, ते विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांसाठी.

बिल रसेल यांचा जन्म १९३४ साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात एका कृष्णवर्णीय कामगार कुटुंबात झाला. तेथे गोऱ्यांचे दुकान वेगळे, रांग वेगळी. वडील कुटुंब घेऊन कॅलिफोर्नियात ओकलंडला आले. बिल बारा वर्षांचा असताना आई वारली. पोरका मुलगा सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागला. तेथले सभासदकार्ड त्याने पुढे आयुष्यभर मोलाचे मानले. शाळेच्या संघात तो कसाबसा टिकला. शिष्यवृत्ती देऊ केली ती एकाच विद्यापीठाने, सॅन फ्रान्सिस्कोने. त्या विद्यापीठाला त्याने १९५५ आणि १९५६ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकही मिळविले.

पुढे बोस्टन सेल्टिक्स संघातून ते तेरा हंगाम खेळले आणि अकरा वेळा संघ विजेता ठरला. गुण मिळविण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याला अडविणे, चेंडू सहकाऱ्याच्या हाती देणे, हे त्यांचे बळ. पण टाळ्या मैदानापुरत्याच होत्या. १९६१ साली लेक्सिंग्टन शहरात हॉटेलने कृष्णवर्णीय खेळाडूंना खाणे नाकारले. रसेल व त्यांचे सहकारी सामना न खेळता घरी परतले. मित्रहो, पोटाची भूक मारता येते, मानाची नाही!

१९६६ साली प्रशिक्षक रेड ऑरबाख यांनी संघाची सूत्रे रसेल यांच्या हाती दिली. एन.बी.ए. मधील ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. आणि खेळणेही चालूच! गोऱ्या खेळाडूंना तुम्ही समान वागणूक द्याल का, असे त्यांना विचारण्यात आले. असा प्रश्न आधी कोणा गोऱ्या प्रशिक्षकाला कोणी विचारला होता का?

पहिल्याच वर्षी सलग आठ विजेतेपदांची मालिका तुटली. टीकाकारांना आयते कोलीत मिळाले. रसेल खचले नाहीत. १९६८ साली फिलाडेल्फियाविरुद्ध १–३ असे मागे पडूनही संघ जिंकला आणि पुढे विजेता झाला. १९६९ साली गटात चौथ्या क्रमांकावर राहिलेल्या याच संघाने लॉस एंजेलिसमध्ये, लेकर्सच्या विजयाचे फुगे छताला टांगलेले असताना, सातवा सामना १०८–१०६ असा जिंकला. त्यानंतर रसेल खेळाडू म्हणून निवृत्त झाले.

नंतर सिएटलच्या संघाला त्यांनी १९७५ साली प्रथमच बाद फेरीत नेले. सॅक्रामेंटोत मात्र अपयश आले. मोठ्या माणसालाही सगळीकडे यश मिळत नाही, हेही मुलांनी लक्षात ठेवावे.

खेळाडू म्हणून १९७५ साली आणि प्रशिक्षक म्हणून २०२१ साली त्यांना ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले. २०२२ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांचा ६ हा क्रमांक संपूर्ण एन.बी.ए. ने कायमचा राखून ठेवला.

विद्यार्थी मित्रहो, संधी एकच मिळाली तरी ती पुरते. मात्र ती घेताना मान खाली घालू नका, आणि वर गेल्यावर चेंडू दुसऱ्याच्या हाती द्यायला विसरू नका.