एकटे आलेले मूल आणि आपली नोंदवही



बालकामगारांचा प्रश्न आपणा सर्वांस परिचित आहे. 2011 च्या जनगणनेत 5 ते 14 वयोगटातील काम करणाऱ्या मुलांची संख्या देशात एक कोटीहून अधिक आढळली होती. त्यांपैकी आईबापांवाचून परमुलखात आलेल्या मुलांचाच विचार आज करावयाचा आहे. आईबापांबरोबर स्थलांतर करणाऱ्या मुलाची शाळा सुटते; परंतु त्याला हाक मारणारे कोणी तरी जवळ असते. एकट्या मुलाचे अन्न, निवारा, मजुरी आणि घरी परतण्याचे भाडे ही सर्व एकाच मालकाच्या हाती असतात. त्याची असहायता येथून सुरू होते.

मुंबईतील जरीकामाचे उदाहरण घ्या. 2005 साली तेथील कारखान्यांवर छापे पडले आणि शेकडो मुलांची सुटका झाली. त्यांतील पुष्कळ मुले बिहारमधील होती. ओळखीचा माणूस गावी जातो, घरच्यांच्या हाती काही उचल ठेवतो आणि काम शिकविण्याच्या नावाखाली मुलाला घेऊन येतो. ज्या खोलीत अड्ड्यावर कापड ताणून दिवसभर टाके घालावयाचे, तिथेच रात्री निजावयाचे. उचल फिटेपर्यंत घर नाही आणि उचलीचा हिशेब मालकापाशी!

हे केवळ परप्रांतीय मुलांचेच दुःख आहे, असे समजून आपणांस निश्चिंत राहता येणार नाही. इगतपुरी तालुक्यातील कातकरी कुटुंबांची मुले किरकोळ रकमेच्या मोबदल्यात नगर जिल्ह्यातील मेंढपाळांकडे राबत असल्याचे 2022 साली उघडकीस आले, आणि तेही एका मुलीच्या मृत्यूनंतर. म्हणजे आपला महाराष्ट्र मुले आणणारा आहे, तसाच पाठविणाराही आहे.

कायदा दुबळा नाही. 1986 च्या बालकामगार अधिनियमात 2016 मध्ये दुरुस्ती होऊन 14 वर्षांखालील मुलास कामावर ठेवणे दखलपात्र गुन्हा ठरले. त्यास सहा महिने ते दोन वर्षे कारावास, किंवा 20 ते 50 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. 14 ते 18 वयाच्या मुलांस धोकादायक कामांवर मनाई आहे. उचलीपोटी मूल राबत असेल, तर 1976 चा वेठबिगार निर्मूलन अधिनियम लागू होतो आणि ते कर्ज फेडण्याचे दायित्वच संपुष्टात येते.

मग खटले कोठे अडखळतात? दोन प्रश्नांवर. पहिला वयाचा. मालक म्हणतो, "मुलगा सतरा वर्षांचा आहे." बाल न्याय अधिनियम, 2015 अन्वये वयाचा पहिला पुरावा शाळेचा दाखला अथवा शालान्त प्रमाणपत्र, तो नसल्यास नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसल्यासच वैद्यकीय तपासणी. तपासणीचे वय अंदाजाचे असते आणि त्या अंदाजाचा लाभ बहुधा आरोपीच्या पदरात पडतो. दुसरा प्रश्न नात्याचा. शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या बिनधोक व्यवसायात मदत करण्यास कायद्याने मुभा आहे, आणि त्या कुटुंबात मामा, मावशी, काका, आत्या यांचाही समावेश होतो. म्हणून छाप्याच्या वेळी प्रत्येक मालक मामा होतो! हे नाते खरे की सांगितलेले, हे मुलाच्या गावाखेरीज कोण सांगणार?

शिक्षक मित्रहो, आपली हजेरीवही ही या लढ्यातील पहिली कागदपत्रे होत. सतत गैरहजर मुलाचे नाव केवळ कमी करू नका. ते कोठे गेले, कोणाबरोबर गेले, हे विचारा आणि लिहून ठेवा. परतलेल्या मुलास वयानुरूप वर्गात घेण्याची व विशेष प्रशिक्षणाची तरतूद 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. दाखला आला नाही म्हणून प्रवेश रोखता येत नाही.

पंचायत सदस्यांनी जन्मनोंदी पूर्ण ठेवाव्यात. गावात उचल वाटणारा मुकादम कोण, हे गावास ठाऊक असते. ग्राम बाल संरक्षण समितीच्या बैठकीत त्याचे नाव निघाले पाहिजे. संशय येताच 1098 या क्रमांकावर कळविता येते.

अधिकारी बंधूंस एकच विनंती. सुटका झालेल्या मुलास 24 तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करणे, हे कामाचा आरंभ होय, अखेर नव्हे. केवळ तिकीट काढून घरी पाठविलेले मूल त्याच उचलीच्या ओझ्याखाली पुन्हा परतते. वेठबिगारी आढळल्यास मुक्तता प्रमाणपत्र तत्काळ द्यावे, कारण पुनर्वसनाचे साहाय्य त्यावर अवलंबून आहे. तसेच मुलाच्या जिल्ह्यास लेखी कळवून ते शाळेत बसले की नाही, याची विचारणा करावी.

दूर शहरातील बंद खोलीत राबणाऱ्या मुलाचे वय, नाव आणि गाव सिद्ध करणारी ओळ आपल्याच एखाद्या नोंदवहीत असते. ती ओळ अचूक लिहिली जावी आणि मागितली जाईल तेव्हा विनाविलंब मिळावी, एवढे आपण सर्वांनी मनावर घ्यावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.