दहा एकरांचा खेळ आणि पेण-रोह्याचें रान

पोलो हें नांव उच्चारलें कीं राजेरजवाडे आणि घोडदळांतील अधिकारी डोळ्यांपुढें उभे राहतात. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर हा खेळ चालतो. पण तेथून फार दूर नसलेल्या पेणच्या किंवा रोह्याच्या माणसास तो परका वाटतो. हा परकेपणा खेळांत आहे कीं त्याच्या थाटांत, हें पाहण्यासारखें आहे.

मूळ शोधूं गेल्यास खेळ आपल्याच बाजूचा ठरतो. बाल्टी भाषेंत 'पुलू' म्हणजे चेंडू. त्यावरून 'पोलो' शब्द निघाला. मणिपुरांत लहान चणीच्या तट्टांवर बसून लोक 'सगोल कांगजेइ' खेळत. तो पाहून इंग्रज चहामळेवाल्यांनीं व लष्करी अधिकाऱ्यांनीं १८५९ सालीं सिल्चर येथें पोलोचा क्लब काढला. खेळाच्या एका डावास इंग्रज ज्या नांवानें ओळखतो, तोही आपला 'चक्कर' शब्दच होय.

विलायतेस गेल्यावर मात्र खेळाचा खर्च वाढला. पूर्ण मैदान ३०० यार्ड लांब व १६० यार्ड रुंद, म्हणजे जवळजवळ दहा एकर! प्रत्येक पक्षांत स्वार चारच. पण सुमारें सात मिनिटांच्या एका चकरेंत घोडा इतका दमतो कीं पुढच्या चकरेस ताजा घोडा लागतो. म्हणजे एका स्वाराच्या पदरीं घोडे अनेक हवेत. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं पेणकडील भातखाचरें पाहिलीं असतील, त्यांस ही अडचण सांगावयास नको. बांधाबांधांनीं तुकडे पडलेल्या त्या रानांत सलग दहा एकर सपाट जमीन कोठून आणावयाची?

अमेरिकेच्या पश्चिम भागांत या अडचणीवर एक साधी तोड निघाली आहे. तिला 'काउबॉय पोलो' म्हणतात. काउबॉय म्हणजे घोड्यावरून गुरें राखणारा. हिरवळीऐवजीं कुंपण घातलेलें मातीचें आवार, प्रत्येक बाजूस पांच स्वार, आणि लहान टणक चेंडूच्या जागीं मोठा तांबडा रबरी चेंडू. हातोड्याचें डोकेंही रबराचेंच. खोगीर गुराख्याचें नेहमींचें, पुढें दोर अडकविण्याचा खुंट असलेलें. मोठा चेंडू मातींत दूर पळत नाहीं, आणि पळाला तरी कुंपण त्याला अडवितें. त्यामुळें लांब दौडीपेक्षां चटकन् वळणें व जागच्या जागीं थांबणें यांस महत्त्व येतें. आणि गुरांमागें धांवणाऱ्या घोड्यास हेंच तर रोज करावें लागतें! ऑस्ट्रेलियांत १९३८-३९ च्या सुमारास निघालेल्या 'पोलोक्रॉस' या खेळांत तर एका स्वारानें एकाच घोड्यावर सामना खेळावा, असा दंडक आहे. श्रीमंतीस तेथें नियमानेंच आळा बसला.

रायगड जिल्ह्यास घोडा अनोळखी नाहीं. माथेरानांत मोटारीस बंदी असल्यामुळें पाहुण्यांना पाठीवर घेऊन चढण चढणारा घोडाच. समुद्रकिनाऱ्यावर घोडागाड्यांच्या शर्यती पाहावयास माणसांची झुंबड उडते. भात कापून झाल्यावर पेण-रोह्याच्या दोन-चार खाचरांचे बांध मोकळे केले, ढेकळें फोडलीं आणि सभोंवार कुडाचें कुंपण घातलें, तर असें आवार उभें राहण्यास राजाश्रय लागणार नाहीं. पाऊस पडूं लागला कीं तेथें पुन्हां भाताची लावणी होईल.

मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. दिवसभर ओझें वाहून थकलेल्या तट्टास सायंकाळीं करमणुकीसाठीं पळविणें हा खेळ नव्हे, क्रौर्य होय. वाळलेल्या भाताचे खुंट घोड्याच्या पायास बोंचतात. ते आधीं काढले पाहिजेत. मैदान लहान करतां येतें, चेंडू मोठा करतां येतो. मुक्या जनावराविषयींची दया मात्र कमी करून चालावयाचें नाहीं. तेवढी सांभाळली, तर ज्याच्या दारीं एकच घोडा बांधलेला आहे, तोही अभिमानानें म्हणूं शकेल कीं, हा खेळ आपला आहे.