दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : लांबचा मार्ग, थोडा वेळ



अंतर, वेळ व वेग यांच्या उदाहरणांत एक गोष्ट नेहमी गृहीत धरलेली असते : अंतर वाढले की वेळ वाढलाच पाहिजे. पाटीवरील आगगाडीपुरते हे ठीक आहे. परंतु ज्याचा कोणी आप्त परदेशी आहे असा एखादा चौकस विद्यार्थी विमानाची गोष्ट काढतो, आणि मग शिक्षकांची पंचाईत होते. अशा मुलास गप्प बसविणे सोपे असते. पण त्याबरोबर त्याची जिज्ञासाही बसते.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हा प्रवास घ्यावा. एअर इंडियाचे विमान प्रारंभी पश्चिमेकडे, अटलांटिक महासागर ओलांडून जात असे. तो मार्ग सुमारे 13,900 किलोमीटरांचा. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पूर्वेकडे, प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. हा मार्ग सुमारे 15,300 किलोमीटरांचा. तरी प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी आटोपला.

भागाकार मुलांकडूनच करवून घ्यावा. नव्या मार्गाचा वेग ताशी सुमारे 1,055 किलोमीटर येतो. जुन्याचा, साडेसोळा तास धरून, सुमारे 842. मग हा फरक कोठून आला? वाऱ्यातून. समशीतोष्ण कटिबंधात सुमारे 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वायुप्रवाह वाहत असतात. विमान हवेतून चालते, आणि ती हवाच त्यास पुढे नेते किंवा मागे रेटते. भरल्या नदीतील नाव ज्या मुलाने पाहिली आहे, त्यास अधिक सांगावे लागत नाही.

‘पृथ्वी फिरते म्हणून’ असे उत्तर मात्र वर्गातून हमखास येते. क्वचित शिक्षकांच्या तोंडूनही येते. त्यास हसू नये, खोडून दाखवावे. पृथ्वी पूर्वेकडे फिरते. तेव्हा ती विमानाखालून नुसती सरकत असती, तर पश्चिमेकडे जाणारेच लवकर पोहोचले असते. वातावरणही तिच्याबरोबरच फिरते, हे येथे पटते.

शाळेत पृथ्वीगोल असल्यास या दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा. तो उत्तर ध्रुवाच्या जवळून जातो, आणि ते अंतर अवघे 12,400 किलोमीटरांच्या आसपास भरते. भिंतीवरील सपाट नकाशावर ही गोष्ट कधीही दिसणार नाही. गोल नसल्यास रबरी चेंडूही चालेल.

आता घड्याळाचे उदाहरण. विमान दिल्लीहून पहाटे 4 वाजता निघाले व त्यास साडेचौदा तास लागले. ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ दिल्लीच्या साडेबारा तास मागे असते. तर ते तेथे किती वाजता उतरेल? बहुतेक पाट्यांवर दुसरा दिवस आढळेल. ‘त्याच दिवशी सकाळी 6’ असे ज्याने लिहिले असेल, त्यास फळ्यापाशी बोलावून इतरांना समजावून सांगू द्यावे.