पितळेवरचा आकडा

(पाबळ येथे प्रौढांच्या वर्गापुढे केलेले भाषण)



हे पाहा, माझ्या हातात पितळेची एक नळी आहे. भंगारवाला हिचं वजन करील आणि पितळेचा भाव देईल. पण हिच्या पोटात काचेची भिंगं आहेत. यांनीच एके काळी गावोगावच्या लोकांना सिनेमा दाखवला.

तरुणपणी मी एका फिरत्या सिनेमाच्या तंबूत मदतनीस होतो. जत्रा भरली की आमची गाडी तिथे हजर. तंबू ठोकायचा, पडदा ताणायचा, यंत्र मांडायचं. मालकांजवळ अशा दोन नळ्या होत्या. लहान तंबूला एक, लांब तंबूला दुसरी. मला अक्षर येत नव्हतं आणि आकडाही येत नव्हता. म्हणून लांब तंबूच्या नळीला मी लाल दोरा बांधून ठेवला होता.

एका जत्रेत तो दोरा कुठे तरी गळून पडला. मी अंदाजानं एक नळी बसवली. दिवा लागला, आणि काय सांगू! राजाचा मुकुट तंबूच्या छताला आणि पाय पुढच्या लोकांच्या टोप्यांवर! पडदा १२ फुटांचा आणि चित्र १८ फुटांचं! लोक ओरडू लागले, "पैसे परत द्या!"

मालक धावत आले. त्यांनी नळी उजेडात धरली आणि म्हणाले, "अरे, इथं ४ कोरलंय. आपल्याला ६ पाहिजे." माझ्या आयुष्यातला तो पहिला धडा.

आता हे ४ आणि ६ म्हणजे काय? लहानपणी तुम्ही उन्हात भिंग धरून कागद जाळला असेल. भिंग खालीवर केलं की ऊन एका ठिपक्यात गोळा होतं. भिंगापासून त्या ठिपक्यापर्यंत जे अंतर, त्याला नाभीय अंतर म्हणतात. नळीवर तेच कोरलेलं असतं. कुठे इंचात, कुठे मिलिमीटरमध्ये.

सिनेमाच्या फिल्मवरचं चित्र केवढं? रुंदी पाऊण इंचाहून थोडी जास्त. त्याचं १२ फूट करायचं, म्हणजे सुमारे १७५ पट वाढवायचं. पडदा ६० फुटांवर असेल तर ४ इंचांचं भिंग लागतं. तोच पडदा ९० फुटांवर नेला, तर ६ इंचांचं. अंतर दीडपट झालं, तर आकडाही दीडपट. हिशेब एवढाच. पण तो चुकला की तमाशा होतो.

आणखी एक गंमत. भिंग पडद्यावर चित्र उलटं पाडतं. म्हणून फिल्म यंत्रात उलटी घालावी लागे, तेव्हा पडद्यावर माणसं सरळ उभी राहत. घरी करून पाहा. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ भिंग धरा. भिंतीवर बाहेरचं झाड उलटं दिसेल.

ही भिंगं घडवत कशी? जाड काचेची चकती घेत. वाटीसारख्या खोलगट लोखंडी साच्यावर पाणी आणि कुरुंदाची पूड टाकून ती घासत. आधी जाडी पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी मऊ डांबराच्या थरावर तांबडी पूड लावून झिलई देत. ती पूड म्हणजे लोखंडाचा गंजच, पण अगदी वस्त्रगाळ. गंजानं काच उजळते, आहे की नाही नवल?

एका काचेनं काम भागत नाही. चित्राच्या कडेला रंगीत झालर दिसते. म्हणून दोन जातींच्या काचा जोडतात. एकीचा दोष दुसरी भरून काढते. त्या चिकटवायला कॅनडातल्या एका झाडाचा पारदर्शक चीक वापरत.

अशा ४ काचांची एक जुळणी व्हिएन्ना शहरात पेट्झवाल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकानं १८४० साली काढली. कागदावर आकडेमोड करून त्यानं काचांचे बाक ठरवले. मदतीला तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक होते. ती जुळणी होती फोटोसाठी. पुढे सिनेमाच्या यंत्रातही तीच चालली.

आपल्या मुलखात हा प्रकाशाचा खेळ सिनेमाच्या आधीच आला होता. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागे दिवा आणि पुढे भिंग. पुराणातल्या कथा पडद्यावर हलताना पाहून लोक थक्क होत. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात फिल्मवरचा सिनेमा दाखवला गेला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. पुढे तंबूंनी सिनेमा जत्रेजत्रेत नेला.

आता बहुतेक ठिकाणी फिल्म गेली. पण भिंग गेलं नाही. नव्या यंत्रातही भिंग आहे, तुमच्या मोबाइलमध्येही आहे.

म्हणून सांगतो, कुणाच्या माळ्यावर अशी नळी सापडली तर ती किलोवर विकू नका. आधी काठावरचा आकडा वाचा. धोतराच्या सोग्यानं काच पुसू नका, धुळीच्या कणांनी ओरखडे पडतात. मऊ कुंचल्यानं धूळ झाडा. पावसाळ्यात कोरड्या डब्यात ठेवा, नाही तर काचेवर बुरशी चढते. आणि शाळेतल्या मुलांच्या हाती द्या. आपल्या पाबळमध्येच विज्ञान आश्रमात १९८३ पासून हातानं काम करत विद्या शिकवतात. अशी वस्तू हाती आली तर पोरं दहा प्रश्न विचारतील.

लाल दोरा गळून पडतो, मंडळी. वाचलेला आकडा गळून पडत नाही.

आता ही नळी तुमच्या हाती देतो. पुढच्यांनी मागे द्यावी. काचेला बोट लावू नका, फक्त काठावर पाहा. काय कोरलंय ते प्रत्येकानं मोठ्यानं वाचायचं.