आरसा गाडीचा, पण कोड काचेचा

आज थेट एका कोड्यापासून सुरुवात करू. कारच्या दरवाजावर असतो तो साइड मिरर. कस्टम्सच्या हिशोबात तो गाडीचा पार्ट आहे का?

नाही. तो काचेच्या चॅप्टरमध्ये जातो, ७००९ मध्ये. टायर? रबर, ४०११. वायपर? इलेक्ट्रिकल, ८५१२. स्पीडोमीटर मोजमापाच्या उपकरणांत, ९०२९. आणि कारची सीट चक्क फर्निचरमध्ये, ९४०१, म्हणजे तुमच्या घरातल्या खुर्चीच्या शेजारी. बंपर, क्लच, सायलेन्सर, रेडिएटर मात्र खरोखर गाडीचे पार्ट, म्हणजे ८७०८.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आयात-निर्यातीच्या कागदपत्रांसाठी कोड लिहितो. आमच्या धंद्यातला 'कोड' वेगळा आणि कस्टम्सचा 'कोड' वेगळा, पण आज दुसऱ्याबद्दल बोलू. कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणी चाकणला डिस्पॅचमध्ये असेल, कुणी सीएचएकडे कामाला असेल, कुणाच्या घरचाच छोटा वर्कशॉप असेल. एक चुकीचा आकडा त्यांना किती महाग पडू शकतो, ते सांगायचंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. या पद्धतीचं नाव हार्मोनाइज्ड सिस्टम, आपण एचएस किंवा एचएसएन म्हणतो. ती १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे आणि ब्रसेल्सची जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. पहिले सहा अंक जगभर सारखे. पुढचे अंक प्रत्येक देशाचे: आपल्याकडे एकूण आठ, अमेरिकेत दहा. चॅप्टर ८७ म्हणजे वाहनं, आणि त्यातलं ८७०८ म्हणजे मोटारींचे पार्ट.

आता कुठल्याही इंजिनिअरला पहिल्यांदा काय सुचतं? सर्च बॉक्स टाका, पार्टचं नाव टाइप करा, कोड मिळवा. अडचण अशी की पार्टच्या वर्णनात 'कार' शब्द दिसला की असं सॉफ्टवेअर ८७०८ कडे धावतं. त्यात शेवटी 'इतर' नावाचा एक डबा आहे, ८७०८.९९. जे समजत नाही ते सगळं तिथे जाऊन पडतं. पण पार्ट कुठे बसतो, एवढ्यावर कायदा थांबत नाही. तो क्रमाने तीन प्रश्न विचारतो. हे प्रश्न टॅरिफच्या सेक्शन १७ च्या टिपांमधून येतात.

पहिला प्रश्न: हा पार्ट वगळलेल्या यादीत आहे का? या यादीत वॉशर आहेत, नट-बोल्ट आणि स्प्रिंग आहेत, बेअरिंग आहेत, चॅप्टर ८५ ची इलेक्ट्रिकल उपकरणं आहेत, चॅप्टर ९० ची मोजमापाची उपकरणं आहेत. स्टीलचा बोल्ट एकाच मॉडेलसाठी बनवलेला असला तरी तो ७३१८ मध्येच राहतो. इंजिनसुद्धा चॅप्टर ८४ चं, म्हणून त्याचा पिस्टन ८४०९.

दुसरा प्रश्न: तो फक्त किंवा मुख्यतः मोटारीसाठीच वापरला जातो का?

तिसरा: टॅरिफमध्ये दुसरीकडे त्याचं जास्त नेमकं वर्णन आहे का? टायर आणि सीट इथे निसटतात.

तिन्ही चाळण्यांतून पार झाला तरच ८७०८. बरेच जण फक्त दुसरा प्रश्न विचारतात आणि तिथेच थांबतात.

हे सोपं असतं तर कोर्टात गेलं नसतं. मे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टासमोर कारच्या मॅटचा वाद होता. खात्याचं म्हणणं, मॅट कारसाठी बनवलीये, म्हणून ८७०८. कोर्टाने सांगितलं, ती चॅप्टर ५७ मधली, म्हणजे कार्पेटच. पुढे मार्च २०२१ मध्ये रेल्वे सिग्नलच्या रिलेबाबत त्याच कोर्टाने 'फक्त किंवा मुख्यतः वापर' या कसोटीला वजन दिलं आणि रिले इलेक्ट्रिकलमधून रेल्वेच्या हेडिंगमध्ये गेले. मग वाहनांच्या पार्टचं काय, हा प्रश्न उभा राहिला आणि जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला त्यावर वेगळी सूचना काढावी लागली.

बरं, पैशात फरक किती? बाइकची सीट ८७१४ मध्ये, तिच्यावर २८ टक्के जीएसटी. कारची सीट ९४०१ मध्ये, तिच्यावर १८. बसायची वस्तू दोन्ही, फरक दहा टक्क्यांचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये कारची सीटही २८ वर नेली. शेवटी २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्टवर, एचएस कोड कुठलाही असो, सरसकट १८ टक्के झाले. देशातलं हे भांडण तरी मिटलं.

सीमेवर मात्र कोडच राजा. ३ मे २०२५ पासून अमेरिकेने ऑटो पार्टवर २५ टक्के शुल्क लावलं, तेव्हा यादी टॅरिफ कोडने दिली होती. आणि आपल्याकडे २०११ पासून सेल्फ-असेसमेंट आहे, म्हणजे बिल ऑफ एंट्रीवरच्या कोडची जबाबदारी आयातदाराची. कमी भरलेली ड्यूटी खातं साधारण दोन वर्षं मागे जाऊन मागू शकतं. जाणूनबुजून चुकीची माहिती दिली किंवा काही लपवलं असं ठरलं तर पाच वर्षं, वर व्याज आणि दंड. विकून झालेल्या मालाची ड्यूटी गिऱ्हाइकाकडून आता कोण वसूल करणार? छोट्या युनिटचं वर्षभराचं कमावलेलं त्यात जातं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. कोड सुचवणारं सॉफ्टवेअर वापरा, चॅटबॉटलाही विचारा, पण नुसता आकडा घेऊ नका, कारण मागा. आम्ही टूल बनवताना हाच क्रम ठेवलाय: आधी तीन प्रश्न, मग कोड, आणि कोडसोबत कुठल्या टिपेमुळे तो निवडला याची नोंद.

तुम्हालाही हे एक्सेलमध्ये करता येईल. पार्टचं मटेरियल, काम आणि ड्रॉइंग नंबर, मग तिन्ही प्रश्नांची उत्तरं. टॅरिफ बदललं की शीट पुन्हा तपासा. उदाहरणार्थ, २०२२ च्या आवृत्तीत फ्रेमसह विंडस्क्रीनला ८७०८.२२ हा नवा कोड मिळाला, बिनफ्रेमची साधी सेफ्टी ग्लास ७००७ मध्येच राहिली. पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ ला येतेय. आणि रक्कम मोठी असेल, शंका खरी असेल, तर माल मागवण्याआधीच मुंबईच्या कस्टम्स अ‍ॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

उद्या अधिकाऱ्याने विचारलं, "हाच कोड का?", तर "सॉफ्टवेअरने सांगितलं" हे उत्तर चालणार नाही. सही तुमची असते.

तुमच्याकडे असा एखादा विचित्र पार्ट असेल तर कमेंटमध्ये नक्की टाका. तीन प्रश्न आपण मिळून विचारू. भेटू पुढच्या भागात!