पोच आणि मंजुरी
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



विद्यार्थ्याचा दाखला अथवा छायाचित्र संगणकावरील फॉर्मातून पाठविणे हे आज शाळेच्या नित्य कामांपैकी एक झाले आहे. 'पाठवा' हे बटण दाबले की काम संपले, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती अपुरी आहे. आणि तिची झळ मात्र ज्याचा काहीच दोष नाही अशा मुलाला लागते.

फॉर्मातून फाईल पाठविण्याची रीत झेरॉक्स कंपनीतील एर्नेस्टो नेबेल व लॅरी मॅसिंटर यांनी नोव्हेंबर १९९५ मध्ये लेखी मांडली. तीनुसार नाव, इयत्ता, फाईल असा प्रत्येक भाग निराळा ठेवून, दोन भागांमध्ये खुणेची ओळ घालून, सर्व मजकूर एकदमच रवाना होतो. आरंभी फाईल पूर्ण जाईपर्यंत माणसाला खोळंबून राहावे लागे. पुढे ब्राउझरला असे सामर्थ्य आले की, फाईल पडद्याआड जात असता उरलेली माहिती भरीत राहता येते. हीच असमकालिक पाठवणी. सोय मोठी खरी. परंतु काम संपल्याचा भ्रमही तीतूनच उपजतो.

पलीकडचा सर्व्हर म्हणजे दूरच्या कचेरीतील आवक-बारनिशीचे टेबलच होय. प्रथम तो आकार पाहतो. एनजिनएक्स या सर्व्हरची मूळ मर्यादा १ एमबी, तर पीएचपीमध्ये एका फाईलची मूळ मर्यादा २ एमबी असते. चालकाला ती वाढविता येते. मोबाइलने काढलेले छायाचित्र अनेकदा याहून मोठे भरते. मर्यादा ओलांडल्यास एनजिनएक्स ४१३ या क्रमांकाचा नकार धाडतो. आकार योग्य असल्यास येणारे तुकडे तात्पुरत्या जागी साठविले जातात. मग तपासणी. नुसत्या नावावर विसंबणे धोक्याचे असते. नावाअखेरीस पीडीएफ लिहिल्याने फाईल पीडीएफ होत नाही. खऱ्या पीडीएफच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे ती तीन रोमन अक्षरे असतात. शेवटी वेळ घेणारी कामे रांगेत लावून सर्व्हर २०२ या क्रमांकाची पोच देऊ शकतो. तिचा अर्थ, 'स्वीकारले. काम अद्याप पूर्ण झालेले नाही.'

खरी मेख येथेच आहे. पोच म्हणजे मंजुरी नव्हे. रांगेतील काम पुढे फसले, तर ते कळविण्याची व्यवस्था हवी. म्हणून अशी यंत्रणा रचणाऱ्याने प्रत्येक फाईलीस आवक क्रमांक द्यावा. त्या क्रमांकावरून तिची स्थिती विचारता यावी. तीच फाईल पुन्हा आली तर दुबार नोंद होऊ नये. आणि नकाराचे कारण सोप्या मराठीत सांगावे.

शिक्षकाचे कर्तव्यही तितकेच स्पष्ट आहे. छायाचित्र आधी लहान करावे. पाठवणी पूर्ण होईपर्यंत पान बंद करू नये. संपर्क क्षीण असता बटण वारंवार दाबू नये. आवक क्रमांक वहीत टिपावा, दुसऱ्या दिवशी स्थिती पाहावी, आणि अंतिम मंजुरी दिसेपर्यंत मूळ कागद व त्याची प्रत जपून ठेवावी. अखेरच्या तारखेची वाट पाहू नये. कारण नकार आला तर दुरुस्तीला अवधी उरला पाहिजे.

शेतमजुराच्या मुलाला आपला अर्ज कोठे अडला हे शोधता येत नाही. ते त्याच्या शिक्षकाला येते. वहीतील ती एक ओळ त्या मुलाची शिष्यवृत्ती वाचवू शकते.